कुकरची रिंग आणि गाडीचं हेड

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गाडीची देखभाल' असं लिहिलंय. सकाळी कायद्याचं सत्र झालं, दुपारी आरोग्याचं आहे, आणि मधे हे. आपण गाडी चालवायला शिकलो तेवढं पुरे नाही का, बाकीचं बघायला मेकॅनिक आहेत की, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. मेकॅनिक आहेत, खरं आहे. मीसुद्धा मेकॅनिकच आहे. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला, वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पण आज मी सगळ्या देखभालीबद्दल बोलणार नाही. हवा, ऑइल, ब्रेक हे तुम्ही एकमेकींना शिकवू शकता. मी एकाच बिघाडाबद्दल बोलणार आहे. हेड गॅस्केट जाणं. छोट्या गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये घाबरवायला याच्याइतका सोयीचा शब्द नाही, आणि हा बिघाड खरा आहे की नाही हे बऱ्याच अंशी आपल्या आपण ओळखता येतं, म्हणून हाच निवडला.

आधी हे गॅस्केट म्हणजे काय ते बघू. घरी कुकर आहे ना? झाकण आणि भांडं यांच्यामध्ये रबराची रिंग असते. ती कडक झाली, चिरली, की बाजूनं वाफ जाते, शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही. ती रिंग म्हणजेच गॅस्केट. दुकानात काहीजण तिला गॅस्केटच म्हणतात. दोन धातूंचे भाग कितीही सपाट केले तरी एकमेकांवर अगदी घट्ट बसत नाहीत, म्हणून मधे दबणारं काहीतरी लागतं. गाडीच्या इंजिनाचेही असेच दोन मुख्य भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्याच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतात. वरचं झाकण म्हणजे हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. या दोघांमध्ये जे पातळ पॅकिंग असतं ते हेड गॅस्केट.

पण कुकरच्या रिंगेला एकच काम असतं, वाफ अडवायची. या गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं, तिथं क्षणभर दोन हजार अंशांच्या वर तापमान जातं आणि दाबही प्रचंड असतो. त्याच्या बाजूनंच पाण्याच्या वाटा गेलेल्या असतात, इंजिन थंड ठेवायला. आणि ऑइलच्याही. आग, पाणी, तेल, तिघांची भोकं त्या एकाच पातळ पत्र्यात असतात. मारुती 800 घ्या. 1983 च्या डिसेंबरपासून 2014 च्या सुरुवातीपर्यंत ही गाडी निघत होती, आणि आपल्यासारख्या किती संस्थांकडे अजून तीच आहे. तिचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. दोन सिलिंडरांच्या मधली भिंत अगदी अरुंद असते, आणि गॅस्केट बहुतेक वेळा तिथंच फुटतं.

आता ते फुटतं का? गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की जातं. ब्लॉक बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. रोजच्या तापण्यात हा फरक धरून ठेवलेला असतो. पण पाणी संपलं, पंखा बंद पडला, थर्मोस्टॅट अडकला, पाण्याचा पंप गेला, की हेड इतकं पसरतं की बोल्टांनी जखडलेल्या जागी वाकतं, आणि थंड झाल्यावर पुन्हा सरळ होत नाही. मग गॅस्केटवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. जिथं कमी पडतो तिथून आग वाट काढते.

हे मी मुद्दाम सांगतेय. गॅस्केट बदललं आणि पंखा तसाच बंद ठेवला, तर नवंही जाणार. मारहाण का होतेय हे न विचारता समजोता करून बाईला घरी परत पाठवायचं आणि तीन महिन्यांनी ती पुन्हा दारात उभी, हे आपण पाहिलेलं आहे. गॅरेजमध्येही असं होतं. 'गॅस्केट टाकलं' म्हणतात, पण ते का गेलं हे कुणी विचारत नाही.

आता आमच्या गाडीचं सांगते. संघटनेची 800 आहे, 2008 सालची. कोर्टाच्या तारखा, सिव्हिल हॉस्पिटल, रात्रीबेरात्री पोलीस ठाणं, सगळं तिच्यावर. 2023 च्या पावसाळ्यानंतर रेडिएटरचं पाणी कमी होत होतं. खाली थेंब नाही, पाइप कोरडे, तरी दर आठ दिवसांनी टाकीत भर घालावी लागायची. आणि एकदा वाईच्या कोर्टातून एका बाईला घेऊन परत येताना पसरणी घाटात काटा लाल रेघेकडे गेला. चालवणाऱ्या मैत्रिणीनं लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, वर गार पाणी ओतलं नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा. दाबाखालचं पाणी शंभर अंशाला उकळत नाही, त्याच्या पुष्कळ वर जातं. झाकण उघडलं की ते एकदम उकळून अंगावर येतं. आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, मग गॅस्केटवर भागत नाही. तासभर थांबून, थंड झाल्यावर पाणी भरून, ती हळूहळू गाडी वर घेऊन आली. बाई सुखरूप घरी पोचली. पण पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती आणि गाडी तीन सिलिंडरऐवजी दोनावर चालल्यासारखी धडधडत होती.

गाडी गॅरेजला गेली. मी तेव्हा गावी नव्हते. तिथं सांगण्यात आलं, 'इंजिन बसलंय, पूर्ण काम करावं लागेल.' पूर्ण काम म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं. आकडा गाडीच्या विकत्या किमतीच्या जवळपास जाणारा. आमच्या दोघीजणींनी विचारलं, कशावरून? उत्तर मिळालं, 'ताई, तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा.' आता आमच्याकडे साहेब कुठून आणायचा? हसू नका, तुमच्याही गाडीच्या बाबतीत हे झालेलं असणार.

खरं तर त्या माणसाला दोष देऊन मी थांबणार नाही. तो लबाडच होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला तसंच वाटलं असेल. हेड उघडण्यापेक्षा सगळंच खोलणं त्याला सोपं जात असेल. माझा मुद्दा 'कशावरून' या शब्दाचा आहे. आपल्याकडे केस आली की आपण काय करतो? जखमा कुठं, कधीच्या, डॉक्टरचा दाखला आहे का, शेजारी काय म्हणतात, हे सगळं लिहून काढतो. नुसतं 'भांडकुदळ आहे' यावर विश्वास ठेवत नाही. इंजिनाचाही असाच पंचनामा करता येतो. आणि तो केल्याशिवाय एकही बोल्ट उघडायचा नाही.

मी आल्यावर आम्ही तो केला. सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना. पहिली गोष्ट, ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू. पाणी ऑइलमध्ये गेलं की दुधाच्या चहासारखा फेसाळ लगदा होतो. इथं सावध राहा. पावसाळ्यात गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल, तर झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दमटपणामुळेही येतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नका, डिपस्टिकवरही तसंच आहे का बघा. आमचं ऑइल स्वच्छ होतं. तेवढ्यानं गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण ते कुठं फुटलंय त्यावर लक्षण बदलतं.

दुसरी गोष्ट, धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. थंडीच्या सकाळी पहिली पाच मिनिटं निघते ती नुसती वाफ, तिला घाबरायचं कारण नाही.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला पैसा लागत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं, आणि मग इंजिन सुरू करायचं. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात आणि थांबतात. पण थांबले नाहीत, ॲक्सिलरेटर दाबला की वाढले, तर ती हवा नाही. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात घुसतोय. आमच्या गाडीत पाणी असं उसळलं की बघणाऱ्या सगळ्याजणी मागं सरल्या. ही चाचणी एक-दोन मिनिटांतच आटपायची, पाणी गरम व्हायच्या आत. चांगल्या गॅरेजमध्ये एक निळं रसायनही असतं. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीत ते ठेवतात, जळका वायू आला की ते पिवळं पडतं. मागून बघा, आपल्यासमोर करायला सांगा.

चौथी, कॉम्प्रेशन. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून तिथं दाब मोजायचं घड्याळ लावतात. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. आमचा पहिला ठीक आला. दुसरा आणि तिसरा दोन्ही खूप कमी, आणि जवळजवळ सारखेच. शेजारशेजारचे दोन एकदम पडले, की मधली भिंत ओलांडून एकाचा दाब दुसऱ्यात जातोय असा संशय येतो. मग निर्णायक गोष्ट केली. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर त्या ऑइलनं फटी भरून आकडा चढला असता. चढला नाही. म्हणजे दाब खालून, रिंगांवाटे जात नव्हता, वरून जात होता. 'पूर्ण काम' हे तिथंच निकालात निघालं. घड्याळाचं भाडं आणि चमचाभर ऑइल, एवढाच खर्च.

बुडबुड्यांची चाचणी आणि हे आकडे, दोन्ही हातात आल्यावरच हेड उघडायचं ठरवलं. ते काम माझ्या ओळखीच्या एका छोट्या शेडमध्ये केलं. मी, दोन मैत्रिणी आणि शेडमधला एक मुलगा. सगळं सांगत बसत नाही, पण ज्या गोष्टींवर काम टिकतं किंवा बिघडतं त्या सांगते. कुणाकडूनही करून घेत असलात तरी त्या तुम्हाला बघता आल्या पाहिजेत.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. बॅटरीची तार सोडायची. कूलंट काढून डब्यात घ्यायचं, अंगणात सोडायचं नाही. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री पितात आणि मरतात. टायमिंग बेल्ट काढायच्या आधी खुणा जुळवून ठेवायच्या आणि फोटो काढायचा. मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. मग हेडचे बोल्ट. ते बाहेरून आत, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. एक बोल्ट एकदम काढून टाकला तर बाकीच्यांचा ताण हेडवर तिरका येतो आणि वाकलेलं हेड आणखी वाकतं. चिकटलेलं हेड स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटायचं नाही. त्या सपाट पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तो पुढच्या गळतीची जागा ठरू शकतो.

हेड उचललं आणि गॅस्केट हातात आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे काळी जळकी रेघ होती, आणि तिच्या टोकाशी पाण्याच्या भोकापर्यंत पत्रा खाल्लेला. आकड्यांनी जे सांगितलं होतं ते समोर दिसलं. ते गॅस्केट मी आज आणलंय, पुढे पाठवते, एकमेकींना दाखवा.

यानंतरची पायरी घाईत टाळली जाते. हेड सपाट आहे का ते मोजायचं. सरळ पट्टी उभी धरून तिच्याखाली फीलर गेजची पातळ पात जाते का बघतात, लांबीत, रुंदीत आणि तिरक्या दोन्ही रेषांवर. छोट्या गाड्यांना साधारण 0.05 मिलिमीटरपर्यंत सूट असते, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात बघावा. आमचं त्याच्या बाहेर गेलं होतं. लेथवाल्या काकांकडे नेऊन तडा आहे का तपासून घेतला आणि फेसिंग करून घेतलं. काकांनी विचारलं, 'पोरी, मालक कोण?' म्हटलं, पन्नास बायका आहेत. त्यांनी मान हलवली आणि काम चोख करून दिलं. जाताजाता हेही सांगितलं की जास्त घासू देऊ नकोस, पुढच्या वेळेला हेडच उरायचं नाही.

बसवताना बोल्टांची भोकं कोरडी करून घ्यायची. त्यात पाणी किंवा ऑइल साचलेलं असलं तर बोल्ट आवळताना ते दबायला जागा नसते, आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. जुन्या गॅस्केटचे कण ब्लॉकवरून हलक्या हातानं काढायचे. नवं गॅस्केट कोरडंच ठेवायचं, कंपनीनं सांगितलं नसेल तर त्याला गम फासायचा नाही. वरची बाजू कोणती ती खूण बघायची. उलटं बसवलं तर ऑइलची वाट बंद होऊ शकते. आणि बोल्ट या वेळी मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं.

या टॉर्क रेंचबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. किती जोर लागला हे सांगणारा हा पाना असतो. बायकांना या कामाला ताकद पुरत नाही हे वाक्य मी आयटीआयपासून ऐकतेय. बोल्ट सोडवायला जोर लागतो हे खरं. पण पान्याला हातभर पाइप जोडला की माझ्या वजनात काम होतं. आवळताना तर जास्त जोर हाच गुन्हा आहे. बोल्ट ताणला जातो, ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. 'हाताला अंदाज आहे' म्हणून बिनमापानं आवळलेली हेडं मी पुष्कळ उघडली आहेत. इथं लागतो तो मोजलेला जोर, आणि तो पान्यावर वाचता येतो.

ही सगळी मोटारच एका बाईच्या हुंड्याच्या पैशांवर उभी राहिली हे तुम्हाला माहीत आहे का? जर्मनीतल्या बर्था बेंझनं लग्नाआधीच हुंड्याचे पैसे कार्ल बेंझच्या कारखान्यात घातले. 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती त्याची गाडी मानहाइमहून फॉर्झहाइमला घेऊन गेली, शंभरएक किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं बसवून घेतलं. आणि आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा. तिथं महिला समाख्याच्या कामातून नव्वदच्या दशकात गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी आणायचं काम बाईचं आणि पंपाला हात लावायचं पुरुषाचं, ही वाटणी त्यांनी मोडली. हातपंपातही शेवटी वॉशरच झिजतो, पाणी धरून ठेवणारा. तोही गॅस्केटचाच भाऊबंद.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं? हेड बसलं, बेल्ट नवा घातला, ऑइल आणि कूलंट नवं भरलं, झाकण उघडं ठेवून अडकलेली हवा जाऊ दिली. पण घाटात ती तापली कशानं, हे अजून राहिलं होतं. पंख्याच्या मोटरकडे जाणाऱ्या तारेचा जोड गंजून सुटल्यासारखा झाला होता. सपाट रस्त्यावर वेगामुळे रेडिएटरला वारा लागायचा, म्हणून कुणाला कळलं नाही. घाटात पहिल्या गिअरमध्ये वारा नाही आणि पंखाही नाही. जोड बदलला. गाडी उभी ठेवून पंखा आपोआप सुरू होतो आणि बंद होतो हे दोनदा बघितलं, मगच काम संपलं म्हटलं. पुढच्या तारखेला ती बाई त्याच गाडीतून वाईला गेली. 2005 च्या कायद्याखाली तिचा संरक्षण आदेशाचा अर्ज होता. त्या दिवशी तिची साक्ष झाली.

सगळ्यांनी इंजिन उघडावं असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्यापैकी निदान दोघींना बुडबुडे बघता यावेत, कॉम्प्रेशनचे आकडे मागून घेता यावेत. गॅरेजवाल्यानं 'गॅस्केट गेलं' म्हटलं तर जुनं गॅस्केट परत मागा, हेड मोजलं का विचारा, आणि तापायचं कारण काय सापडलं ते बिलावर लिहून घ्या. गाडीत एक वही ठेवा. पाणी कधी, किती भरलं ते चालवणारीनं तारखेसह लिहावं. आमच्या वहीत आठ-आठ दिवसांच्या नोंदी नसत्या, तर पाणी घाटाच्या आधीपासून कमी होत होतं हे आम्हाला सिद्ध करता आलं नसतं.

आता बाहेर चला. गाडी काल संध्याकाळपासून सुरू केलेली नाही, इंजिन गार आहे. पाच-पाच जणी या. पदर आणि ओढण्या खोचून घ्या, पंखा सांगून फिरत नाही. पहिल्या गटानं झाकण काढून पाणी भरायचं. दुसऱ्यानं तोवर डिपस्टिक काढून पुसून ठेवावी.